चालक तंदुरुस्त आहे

माझी बायको सहलीचा बेत आखत नाही, ड्युटी लावते. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती, त्यातली एकोणीस माझ्याच गाडीवर. त्यामुळे तीन दिवसांची बेटावरची सहलसुद्धा तिने डेपोतल्या ड्युटीपत्रकाच्या तक्त्यात बसवली. वेळ, थांबा, अंतर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही 'टायर पंक्चर', 'प्रवाशाशी हुज्जत' असलं काहीबाही लिहायचो. हिने तिथे लिहिलं होतं, 'मासे', 'इथला पाव चुकवायचा नाही', 'सकाळी कमी खाणे, दुपारी पश्चात्ताप होईल'.

"पहिल्या दिवशी फेरीबोटीतून गाडीसकट उतरायचं," ती जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून सांगत होती, "की डावीकडे वळायचं. किल्ला उजवीकडे आहे, पण किल्ला कुठे पळून जात नाही. मासळीबाजार मात्र अकराला उठतो."

"बरं," मी म्हणालो.

"तीन राजवटी आल्या म्हणे त्या बेटावर. सगळ्या हाकलल्या लोकांनी. पण तिघांचे स्वयंपाकी ठेवून घेतले."

हा विनोद तिने कुठल्या पुस्तकात वाचला होता की स्वतः रचला होता, देव जाणे. मी हसलो. हसायचं कुठे, हे मला अजून कळतं. आतून मात्र काही हललं नाही. बेट, किल्ला, मासळी, कशानेच नाही. गेले काही महिने माझं असंच चाललं आहे. मुळात बधिर झाले ते तळपाय, पण हळूहळू ते सगळं वर चढत गेलं असावं.

तळपायांचं आधी सांगून टाकतो. शुगर मला बरीच वर्षं आहे. पहिल्यांदा मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. एकदा संध्याकाळी फरशीवर लाल ठिपके दिसले म्हणून मी बायकोला विचारलं, टोमॅटो सांडलास का. ठिपके माझ्याच पायाचे होते. टाचेत टाचणी रुतली होती, कधीची कोण जाणे. "चालताना बघत जा जरा," म्हणून बायकोने पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला सांगून माझ्या अंगठ्याला काहीतरी टोचलं आणि विचारलं, "कळलं?" मी विचारलं, "कधी टोचणार?" त्यांनी पेन खाली ठेवलं. गाडी चालवणं बंद करा, म्हणाले. मी मान डोलावली आणि गाडी चालवत घरी आलो.

तसं जमतं. पाय कुठे आहे ते गुडघ्यावरून कळतं, इंजिनाच्या आवाजावरून कळतं, नाहीतर खाली डोकावून बघायचं. चौतीस वर्षं बस हाकलेल्या माणसाला एवढीशी घरची गाडी म्हणजे काय, असं मी स्वतःला समजावत होतो. घरी कुणाला काही बोललो नाही. बोलायची भीती वाटत होती असंही नाही. विषय निघाला नाही, एवढंच.

"मागच्या सीटवर मधोमध भिंगरी," बायको म्हणाली आणि तक्त्याखाली चालक धरून प्रवासी संख्या लिहिली, तीन. भिंगरी म्हणजे आमच्या लेकीची लेक. वय वर्षं सात, एका जागी पाच मिनिटं बसली तर ताप आला का बघावं लागतं. शाळेतून मीच तिला आणतो, त्यामुळे तिच्या मते गाडी तिची आणि मी तिचा नोकर. लेकीने तिला आमच्याबरोबर पाठवायचं कबूल केलं होतं. त्या दिवसापासून पोरीने शाळेच्या वहीत होडीची चित्रं काढायचा सपाटा लावला होता.

पत्रक पूर्ण झालं तेव्हा बायकोने चष्मा कपाळावर सरकवला. खूश दिसत होती. निवृत्त झाल्यापासून ती कुठे गेली नव्हती. आधी तिच्या आईचं आजारपण, मग लेकीचं बाळंतपण, मग माझी टाळाटाळ. आयुष्यभर लोकांना तिकिटं फाडून दिली, आपण मात्र हातात दांडा धरून उभ्याच, असं ती म्हणायची. पत्रक तिने माझ्यापुढे सरकवलं.

"करा सही, ड्रायव्हरसाहेब."

तळाशी तिने ती ओळही लिहिली होती. 'मी गाडी चालवण्यास तंदुरुस्त आहे.' डेपोत रोज पहाटे या ओळीखाली सही केल्याशिवाय किल्ली मिळत नसे. एवढ्या वर्षांत मी ती एकदाच नाकारली होती, अंगात सणकून ताप होता म्हणून. तेव्हा साहेबाने मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, पण सही केली नाही ती नाहीच. बायकोने त्या वेळी माझ्याबद्दल सगळ्या डेपोत फुशारकी मारली होती. आमचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

मी पेन घेतलं आणि सही ठोकली. डोकं जागेवर यायच्या आत हाताने काम उरकलं होतं. हाताला ती ओळ दिसली की सही करायची सवय. बायको कागद उचलून फ्रिजवर लावायला गेली आणि मी खुर्चीत बसून राहिलो. वाईट वाटायला हवं होतं, हे कळत होतं. पण वाटलं नाही.

रविवारी सकाळी टायरमध्ये हवा भरायला गेलो. बायकोही आली, पत्रक घेऊन. दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या जेवणाचा तिढा सुटत नव्हता. किल्ल्याच्या तटाखाली एक खानावळ होती, तिथे एकच पदार्थ मिळतो आणि तो संपला की दार लावतात. आणि पुढच्या गावी एक म्हातारी घरीच चीज करते, ती वेळेत गेलं तरच दार उघडते.

"दोन्ही कसं जमणार?" ती मांडीवरच्या कागदाला विचारत होती. "एकीचं दार लागायच्या आधी दुसरीचं उघडायला हवं."

हवेच्या दुकानापुढे रांग होती. आमच्या पुढे एक माणूस स्कूटरच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून व्हॉल्व्हचं टोपण फिरवत होता. पाठ आमच्याकडे, शर्ट वर सरकलेला. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी जरा पुढे घेतली आणि ब्रेक दाबला.

इंजिन गरजलं. गाडीने उडी घेतली. म्हणजे दाबला तो ब्रेक नव्हता. मी हँडब्रेक खेचला, गाडी धक्का खाऊन बंद पडली. बंपर आणि त्या माणसाची पाठ यांच्यात वीतभर जागा उरली असेल. त्याने मान वळवून बघितलं, बंपर बघितला, मग मला बघितलं.

"काका, हवा मला नाही हं, चाकाला भरायची आहे!" तो म्हणाला आणि हसला. रांगेतले आणखी दोघं हसले.

बायकोच्या पेनाची रेघ पत्रकभर ओढली गेली होती. तिने वर बघितलं. "क्लच सुटला का रे?"

"हो."

"सुटला? तुझा?" ती म्हणाली, आणि पुन्हा कागदावरच्या खानावळीत शिरली.

मी खाली वाकून बघितलं. माझा बूट अजून ॲक्सिलरेटरवरच होता, व्यवस्थित, जणू तिथेच असायला हवा. तो मी डोळ्यांनी बघून उचलला. छातीत धडधड होईल म्हणून वाट बघितली, पण झाली नाही. एक माणूस मी आता मारला असता, हे मला लख्ख कळत होतं, आणि ते कळणं दुसऱ्या कुणाची बातमी ऐकल्यासारखं होतं. त्या क्षणी मला माझी किळस आली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं होतं.

घरी मी परत कसा आलो? दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांच्या मागून, नजर निम्मी रस्त्यावर आणि निम्मी पायांवर. बायकोला वाटलं, मी तिला विचार करायला वेळ देतोय.

चहा होईपर्यंत तिचा तिढा सुटला होता. किल्ला उलट्या बाजूने बघायचा, म्हणजे आधी म्हातारी, मग खानावळ. ती रेघ ओढलेलं पत्रक टाकून नवं लिहायला बसली. मी जुनं तिच्या हाताखालून ओढून घेतलं आणि माझ्या सहीवर काट मारली. एक आडवी, सरळ. डेपोत अशी काट मारली की ती गाडी त्या चालकाकडून काढून घेत. का, ते नंतर विचारत.

"काय रे, बिनपगारी रजा हवी?" ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काय झालं?"

"क्लच सुटला नव्हता. मला ब्रेक सापडला नाही."

"म्हणजे?"

"पाय कळत नाहीत मला. दोन्ही. डॉक्टर म्हणालेत, चालवायची नाही."

तिने पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, आता बेटाचं निघणार. एवढा खटाटोप, बोटीची तिकिटं, पोरीच्या वहीतल्या होड्या. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती, तिकडे बस असेल, भाड्याने ड्रायव्हर मिळेल. तिने नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"कधी म्हणाले डॉक्टर?"

"चौदा महिने झाले."

पुढ्यातला चहा तिने हळूच बाजूला सरकवला.

"शाळा?" तिने विचारलं.

"हो."

"रोज?"

"रविवार सोडून."

माझ्या तोंडून ते ड्युटीवर सांगावं तसं निघालं, अचूक. तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती उठली, लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "उद्यापासून पोरीला आणायला तुझे बाबा येणार नाहीत. का ते त्यांनाच विचार." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. टाचणी, डॉक्टर, चौदा महिने, स्कूटरवाल्याची पाठ. काही गाळलं नाही. लेक रागावेल, रडेल, बाबा तुम्ही असं कसं केलंत म्हणेल, म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरून उभा होतो.

मग ती माझ्याशी नाही, घरात कुणाशी तरी बोलली. तिने भिंगरीला हाक मारली. नेहमीची नव्हती ती हाक, घाईची होती, पोर खरंच घरात आहे ना हे बघायला मारलेली.

"काय गं आई?" आतल्या खोलीतून पोरीचा आवाज आला. "मी इथेच तर आहे."