दोन नट्यांचे हात

त्या दोघी नट्या जिवलग मैत्रिणी म्हणून देशोदेशी गाजलेल्या, आणि हाताच्या क्रीमवाल्यांना नेमकी ती मैत्रीच विकायची होती. पण दोघींचं केव्हाच फाटलं होतं. एका स्टुडिओत पाय ठेवायला कुणी तयार नाही. मग त्यांचे चेहरे वेगवेगळे टिपले आणि हात घेतले आमचे, एक माझा आणि एक माझ्या थोरल्या जावेचा. जाहिरातींना हात देणं हेच आमचं काम. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडण झाल्यापासून आमच्यातही अबोला आहे, ते दिग्दर्शकाला कुठे माहीत.

त्याने जीव नकोसा केला. एका देशासाठी बोटांत बोटं गुंफा. दुसऱ्या देशात ते फार लाडिक दिसतं, तिथे टाळी द्या. तिसरीकडे मैत्रिणी हात धरतच नाहीत म्हणे, तिथे नुसती करंगळी टेकवा.

"माया दिसत नाहीये," तो सारखा कुरकुरत होता.

दिसेल कशी? जाऊबाई मुद्दाम नखं रुतवत होत्या. मीही काही कमी नव्हते.

हात कुणाचे ते घरीसुद्धा सांगायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलं होतं. जाहिरात लागली तेव्हा सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. गुंफलेली बोटं दिसली तशा सासूबाई आमच्याकडे वळल्या.

"बघा जरा. एवढ्या मोठ्या बायका, पण हात कसे घट्ट धरलेत. नाहीतर तुम्ही दोघी."

जाऊबाईंनी आणि मी एकदमच हात पाठीमागे लपवले. दोरीच्या भांडणानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.