गॉलवेच्या सहलीतला चौथा

तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, हे कुमुद सिंगापूरमधल्या बुकित पंजांगला नवव्या मजल्यावर एकवीस वर्षं राहूनही विसरली नव्हती. तीन तिघाडा, काम बिघाडा. निघायचंच झालं तर चौथा सोबती म्हणून पर्समध्ये एक सुपारी टाकावी, की झालं. त्यामुळे सून प्रणिता आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या खाद्यसहलीचा फॉर्म लॅपटॉपवर भरायला बसली आणि "माणसं तीन" असं म्हणाली, तेव्हा कुमुदने तिला टोकलंच.

"चार लिही."

"आई, सुपारीचंही बुकिंग करायचं का?" मुलगा क्षितिज हसला.

"सुपारी नको. बाबांचं नाव लिही."

क्षितिजचं हसू मावळलं. गोपीनाथ, त्याचे वडील, जहाजावर इंजिनिअर होते. २००४ साली गॉलवेच्या बंदरातून निघालेल्या जहाजाच्या डेकवरून ते वादळात नाहीसे झाले. मृतदेह मिळाला नाही. आदल्या दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "इथली कालवं तुला एकदा लिंबू पिळून खायला घालायची आहेत."

माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा लागला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी उरकतात. यंदा ती बारा वर्षं भरली होती. पुण्याहून दीर पद्माकर सारखे फोन करत होते आणि कुमुद अडून बसली होती. "आधी मला तिथली कालवं खाऊन येऊ दे, मग काय ते करा." मनातून ती कशालाच तयार नव्हती. विधी झाले, की वाट बघायची सोयच संपली.

प्रणिताने सासूचं मन राखलं आणि चौथं नाव टाकलं. सुपारीला नाव नसतं ते किती बरं असतं, हे त्या क्षणी तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चार दिवसांनी सहल नेणाऱ्या बाईंचा मेल आला. आवडीनिवडींचे चारही फॉर्म मिळाले म्हणे. यांनी तर तीनच पाठवले होते. चौथ्यात लिहिलं होतं: कालवांवर लिंबू जास्त. सहल गुरुवारी आहे, गुरुवारी मी घेत नाही, तेव्हा बिअरऐवजी चहा. हॉटेलवर येणार नाही, धक्क्यावरच भेटेन.

"आई, हे तू केलंस?" क्षितिज भडकला.

"मला साधा मेल उघडता येत नाही रे."

प्रणिताचं तोंड पांढरं पडलं. लग्नाला उणीपुरी दोन वर्षं. सासरे गुरुवार पाळत हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. कुमुद मात्र घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला, नव्या नवरीला होतो तसा. ती कपाट उघडून साड्या काढायला लागली.

संध्याकाळी क्षितिजने गॉलवेला फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडे सकाळ होती. बाईंचा आवाज मोठा गोड.

"ते गृहस्थ ना? रोज येतात ऑफिसात. अंगात बॉयलर सूट, नखशिखांत भिजलेले. आम्ही टॉवेल देतो, पण पाणी काही थांबत नाही. सत्तेचाळीस वय सांगितलं त्यांनी. तुमच्या आईंचे धाकटे भाऊ का?"

कुमुद साठीला टेकली होती. गोपीनाथ गेले, तेव्हा सत्तेचाळीसचेच होते.

"आणि एक बदल सांगितलाय त्यांनी. आईंना परत सोडायला गाडी नको. त्या त्यांच्याकडेच राहणार आहेत."

कुमुदने क्षितिजकडे पाहिलं. तीस वर्षांचा घोडा, पण बाप नाहीसा झाल्याची बातमी ऐकताना अठराव्या वर्षी झाला होता तसाच चेहरा झाला होता त्याचा. आनंदाच्या भरात या पोराचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"ते आत्ता इथेच उभे आहेत," बाई म्हणाल्या. "देऊ का फोन?"

फोनमधून पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग कोणीतरी खाकरलं. बोलायला सुरुवात करण्याआधी गोपीनाथ असेच खाकरत. बारा वर्षं ती याच आवाजासाठी कानांत प्राण आणून बसली होती.

"अहो," कुमुद म्हणाली, "मी नाही येत."

आणि पुढचा शब्द ऐकू येण्याआधी तिनेच फोन बंद केला.

"भावजींना कळव," ती क्षितिजला म्हणाली, "म्हणावं, विधी करून टाकू." मग ती साड्यांच्या ढिगात बसली आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच, नवरा गेलेली बाई रडते तशी रडली.