सपाट रस्ता

“कितव्या बेडचं बंद पडलं?” असं विचारत माझी सून भर दुपारी पलंगावरून उठली आणि अनवाणी दारापर्यंत पोचली. कडीला हात लागला तेव्हा कुठे तिला कळलं की आपण वॉर्डात नाही, घरी आहोत. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली. माझा मुलगा टेबलाशी स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. समोरच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. तापून तापून तो आपला आपण बंद पडला होता.

सून नर्स आहे. अतिदक्षता विभागात कायमची रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसा. घर आमचं एवढंसं. मुलाच्या खुर्चीमागे लगेच तिचा पलंग. मुलगा पूर्वी लांब पल्ल्याची रात्रीची बस चालवायचा. रस्त्याच्या कडेला टायर बदलताना मागून एक गाडी येऊन धडकली आणि त्याचे पाय गेले. म्हणजे आहेत, पण उपयोगाचे नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस तो छताकडे बघत पडून असायचा. शेवटी सुनेनं कुणाकडून तरी गेम खेळायचा एक जाडजूड जुना लॅपटॉप आणला, टेबलाला खेळण्यातलं स्टिअरिंग आवळलं, ब्रेक आणि गॅस हातानं दाबता येतील अशा पट्ट्या बसवून घेतल्या आणि त्याला म्हणाली, “चल, ऊठ. ड्युटीवर जा.” तेव्हापासून तो रोज पडद्यावर बस चालवतो. दाढी करून बसतो.

मी आधी भरपूर चेष्टा केली. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तू खुर्चीवरून गाड्या हाक, असंही म्हणून झालं. पण पोरगं नीट जेवायला लागलं, कुणाशी तरी हेडफोनवर हसायला लागलं, तेव्हा माझं तोंड आपोआप मिटलं.

पीडा एकच, आवाजाची. गेम सुरू झाला की लॅपटॉपच्या पोटातले पंखे घोंघावायला लागायचे. घाटाचा रस्ता आला की मग तर विचारू नका, घरात पिठाची गिरणी चालू केल्यासारखं व्हायचं. आणि सून दचकून उठायची. एकदा नाही, रोज. त्या आठवड्यात वॉर्डात तिच्या हातून एका पेशंटचं औषध दुसऱ्याच्या सलाइनमध्ये जाता जाता राहिलं. शेजारच्या नर्सनं हात धरला म्हणून निभावलं. घरी येऊन तिनं आम्हाला हे सांगितलं. रडली नाही, नुसती बुटाची नाडी सोडत बसून राहिली.

मुलानं तिथल्या तिथे जाहीर केलं की लॅपटॉप विकून टाकायचा. मीही मान डोलावली. एकाचा विरंगुळा आणि दुसऱ्याचा जीव, यात तोलायचं ते काय? आडवी आली ती सूनच.

“आई, हा परत छताकडे बघत पडला तर मला तिकडे काम सुचणार नाही,” ती म्हणाली. “तेव्हा चूक नक्की होईल.”

झालं, मुलगा हट्टाला पेटला. विकायचा नाही ना, मग गप्प करतो, म्हणाला. त्यानं लॅपटॉप पालथा घालून उघडला. आतून निघालेली धूळ बघून मला माझ्या केरसुणीची लाज वाटली. पंख्यांची पाती त्यानं मऊ ब्रशनं साफ केली, उष्णता ओढून घेणारी आतली पेस्ट वाळून गेली होती ती पुसून नवी लावली, खालून हवा मिळावी म्हणून मागच्या बाजूला लाकडाचे दोन ठोकळे ठेवले. माझ्याकडून टेबल उन्हातून बाजूला सरकवून घेतलं. तरी आवाज राहिलाच, तेव्हा लॅपटॉपवरचा भार कमी व्हावा म्हणून गेममधलं चित्र साधं करत नेलं. आधी सावल्या गेल्या, मग ढग गेले, मग झाडं गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती हिरवी भिंत राहिली. पण पंखे थांबले. मी कान लावून बघितलं, चिडीचूप.

त्या दिवशी सून घरी आली, आडवी झाली, आणि डोळा लागतो न लागतो तोच ताडकन उठून बसली. उठली ती सरळ नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायला लागली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आवाज कुठे गेला, असं तिनं विचारलं. त्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं की बंद केला. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. ती नवऱ्याला ‘अरे’ म्हणते. मला त्याची आता सवय झाली आहे.

“अरे, आवाजानं मी उठतच नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे रात्रभर यंत्रं घुरघुरत असतात. तो आवाज चढला किंवा थांबला, की धावायचं. एकसारखा चालू असला म्हणजे सगळे जिवंत आहेत.”

मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. “आणि ती झाडं परत लाव. भिंतीतून कसली बस चालवतोस?”

मुलगा पुन्हा कामाला लागला. आता पंखे थांबवायचे नव्हते, एका सुरात ठेवायचे होते. त्यानं ते मंद गतीवर बांधले आणि झाडं परत आणली. सरळ रस्त्यावर सगळं जमलं. पण शहराची गर्दी लागली किंवा घाट चढायला लागला की लॅपटॉप तापायचा आणि कुणाचं न ऐकता पंखे पळवायचा. जुना जीव, तो तरी किती सोसणार?

आता सून झोपते. अगदी गाढ, तोंड उघडं टाकून झोपते. वॉर्डातून पुन्हा तसलं काही ऐकू आलं नाही आणि विकण्याचा विषय कुणी काढत नाही. मला या दोघांचं फार कौतुक वाटतं. तोंडावर सांगणार नाही, डोक्यावर बसतील.

परवा दुपारी सून झोपलेली असताना मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हेडफोनमधली, त्याच्यासारखीच गेममध्ये बस चालवणारी मंडळी त्याला बोलवत असावीत, कारण तो हळू आवाजात नाही, नाही म्हणत होता. ते सगळे घाटानं निघाले होते. नोकरीत असताना घाटाच्या गाडीसाठी हा स्वतःहून नाव द्यायचा. घाटात बस चालवावी तर यानंच, असं डेपोतले जुने लोकसुद्धा म्हणायचे. आणि इथे त्याच्या पडद्यावर तोच सपाट रस्ता, शेतामागून शेत. मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, जा की घाटानं, एक दिवस काय होतंय?

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

“आई, हळू बोल,” तो म्हणाला. “मागे पॅसेंजर झोपलेत.”

पुढे वळण आलं. त्यानं लांबूनच वेग उतरवला आणि बस अलगद वळवली.