ऐनाची नऊ झाडं

देवरे सरांनी आपल्याला घडवलं, असं सुवर्णा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या तिच्या शाळेत ज्याला त्याला सांगायची. शिक्षिका झाली ती सरांमुळे, आणि विषय घेतला तोही सरांचाच, पर्यावरण.

तिचं गाव इगतपुरीच्या पलीकडे, भाताचं. तिथे उन्हाळ्यात राब भाजतात. म्हणजे ऐनाच्या फांद्या तोडून वाळवायच्या, रोपाच्या वाफ्यावर पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. माती भाजली की तण मरतं आणि पावसाळ्यात रोप जोमानं वर येतं. बापजाद्यांपासूनची रीत. त्यापायी गावातले ऐन म्हणजे नुसते सोटे, डोक्यावर चार पानं. सहावीत सरांनी शिकवलं, झाडाला जीव असतो, त्याची फांदी तोडू नये. वर्गाने मान डोलावली आणि सुट्टी झाली. सुवर्णा मात्र घरी येऊन थेट बापाच्या कोयत्यापुढे उभी राहिली. दोन दिवस जेवली नाही.

लहानू तसा कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता, पण पोरीपुढे त्याचं काही चालेना. त्याने राब सोडला. पुढे कैक वर्षं त्याच्या वाफ्यात भातापेक्षा गवतच जास्त. ते निंदता निंदता सुवर्णाच्या आईची, नवसाबाईची, कंबर गेली. भाऊबंदांना तर आयताच विषय मिळाला. "लहानू आता शेती पोरीला इचारून करतो," म्हणत ते पारावर खिदळायचे. लहानू खाली मान घालून पुढे जायचा. पण फांदीला त्याने हात लावला नाही, आणि त्याच्या चढावरचे नऊ ऐन असे फोफावले की लांबच्या रस्त्यावरूनही ओळखू यावेत. सर दर वर्षी नवी पोरं घेऊन यायचे, झाडांखाली त्यांना उभं करायचे आणि म्हणायचे, "बघा, शिक्षणाने काय होतं ते."

दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले आणि त्यांनी तो चढ विकत मागितला. म्हणे निसर्गशाळा काढायची होती. लहानू तयार नव्हता. सुवर्णा खास रजा काढून गावी गेली. "आबा, सरांच्या हातात झाडं सुखरूप राहतील. माझ्या शब्दावर द्या," म्हणाली. लहानूने दिला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नवसाबाईचा फोन आला. "सुवर्णा, ये बरं लवकर. ऐन तोडून राहिले ते."

ती पोचली तेव्हा सहा झाडं आडवी झाली होती आणि सातव्याला करवत लागली होती. वाटेच्या तोंडाशी रंगीत घरांच्या चित्रांची पाटी होती. उरलेल्या सावलीत खुर्ची टाकून देवरे सर नकाशा बघत बसले होते. तिला पाहून त्यांना आनंदच झाला.

"ये ये सुवर्णा. किती दिवसांनी!"

"सर, निसर्गशाळा?"

"अगं, कुठली शाळा नि कुठलं काय! मुलगा म्हणाला, प्लॉट पाडू. रस्ता इथूनच निघतो, त्याला इलाज नाही. परवानगी आहे हं सगळी."

"पण सर, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

सर खरोखरच गोंधळले. "पुस्तकात होतं, ते शिकवलं. चाळीस पोरं होती वर्गात, सगळी लिहून पास झाली. तू एकटीनेच एवढं मनावर घेतलंस, त्याला मी काय करू?"

ते ओशाळले असते, चिडले असते, तरी तिला चाललं असतं. पण त्यांनी पुन्हा नकाशात डोकं घातलं. ज्या शब्दावर ती वीस वर्षं जगली, तो या माणसाने स्वतः कधी खरा मानलाच नव्हता. आपण पुरते फसलो, हे तिला उभ्या जागी कळलं. राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त.

लहानू खाली बांधावर झाडांकडे पाठ करून बसला होता.

"आबा, सरांनी फसवलं आपल्याला," ती म्हणाली.

"सराला कशाला बोल लावती?" लहानू म्हणाला. "म्या सराला कुठं जमीन दिली? तुला दिली."

ती संध्याकाळच्या गाडीने नाशिकला परतली.

सोमवारी सहावीच्या वर्गात झाडांचाच धडा होता. दर वर्षी हा धडा शिकवताना तिचा आवाज चढायचा. या खेपेला तिने तो नुसता वाचून काढला. तरी पहिल्या बाकावरची संजना उठून उभी राहिलीच. तिचे डोळे भरले होते.

"मॅडम, आमच्या अंगणातला कडुनिंब पाडणार आहेत, गाडी लावायला. मी आज घरी जाऊन आजोबांना अडवते. अडवू ना?"

सुवर्णाला तिच्याकडे बघवेना. तिने फळ्याकडे तोंड केलं आणि खडू उचलला.

"प्रश्न चौथा लिहून घे," ती म्हणाली. "परीक्षेला हमखास येतो."