पितळी काटा

माझा थोरला, जयवंत, हल्ली घरात वावरतो तो एका भिंतीकडे पाठ करून. भाजीत मीठ कमी म्हणून बायकोवर डाफरतो, जाळ्याच्या गाठी सैल म्हणून गड्यांवर डाफरतो. पण माजघराच्या त्या भिंतीकडे त्याची मान वळत नाही. बाहेर आश्विनाचं ऊन, सुवर्णवर्णी, माडांच्या झावळ्यांवरून ओघळणारं, खाडीच्या पाण्यावर वर्ख पसरणारं. एवढ्या उजेडात ज्याला भिंत बघवत नाही, त्याच्या पोटात अंधार किती असेल?

त्या भिंतीवर वाऱ्याचं घड्याळ आहे. शिकलेले त्याला बॅरोमीटर म्हणतात. माझ्या मामंजींनी आगबोटीवरची नोकरी सोडताना ते आणलं; वाटोळं, पितळेचं, चंद्रबिंबासारखं गंभीर. ते सांगायचे, हवेला वजन असतं. दूरदेशी कुणी पाऱ्याने भरलेली काचेची नळी उलटी धरली, तरी पारा सगळा सांडला नाही. अदृश्य हवेनेच त्याला तोलून धरलं. पण हलत्या जहाजावर पारा हिंदकळतो, म्हणून पुढे ही डबी आली. पातळ पत्र्याची, आतून निर्वात. हवा जड झाली की दबते, हवा हलकी झाली की फुगते, आणि तिच्या श्वासासरशी काळा काटा सरकतो. उजवीकडे गेला तर निरभ्र आकाश. डावीकडे घसरला तर वादळ.

दुसरा काटा पितळी. तो आपण होऊन हलत नाही. काळा आज कुठे होता, तेवढं उद्यासाठी धरून ठेवतो. रोज पहाटे मी काचेवर टिचकी मारायची, दोन काट्यांतलं अंतर बघायचं, मग पितळी काटा काळ्यावर आणून ठेवायचा. तबकडीवरची इंग्रजी अक्षरं मला कुठली येणार, माझी शाळा दुसरीतच सुटली. अंतर तेवढं कळायचं. मी ‘जावा’ म्हटल्याशिवाय आमच्या बंदरातला एकही गडी होडीत पाय ठेवत नसे. छत्तीस वर्षं.

त्या पहाटे समुद्र नीलश्याम, निःस्पंद, तेल ओतल्यासारखा. मी टिचकी मारली. पितळीखाली काळा, काळ्यावर पितळी, मध्ये केसभर फट नाही. जावा म्हटलं.

माझा धाकटा, भालचंद्र, पाया पडला आणि सुरमईच्या मागे क्षितिजाच्या काठापर्यंत गेला. जयवंत किनाऱ्याच्या कुशीतच जाळं टाकून बसला.

तिसऱ्या प्रहरी वारा आला. काळाकभिन्न, फेनिल, माड मुळासकट उपटणारा वारा. जयवंताची होडी आली. बाकीच्या आल्या. भालचंद्राचे दोन गडी रिकाम्या पिंपाला धरून तरंगले, वाचले. भालचंद्र आला नाही. पाच दिवसांनी त्याच्या होडीची एक फळी आली.

किनाऱ्यावर जयवंत सगळ्यांना सांगत होता, आईनेच जा म्हटलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी दिसले की विहिरीवरच्या बायकांचं बोलणं थांबतं.

काल चुलीपुढे कुंदाने, जयवंताच्याच बायकोने, निखाऱ्यांकडे बघत मला सांगितलं. त्या पहाटे, मी उठायच्या आधी, काळा काटा दोन बोटं घसरला होता. ह्याने पितळी काटा फिरवून बरोबर त्याच्यावर नेऊन ठेवला. सुरमईचा थवा किनाऱ्यालगतही आलेला, आणि माझ्या शब्दाशिवाय ह्याला गडी मिळाले नसते. आई अक्षर वाचत नाही, अंतर वाचते, हे ह्याला ठाऊक. वादळ येणार हेही ठाऊक, म्हणून तर किनारा सोडला नाही. भावाला मात्र सांगितलं नाही.

दोन्ही काटे जागा सोडून डावीकडे उभे होते, ते मला दिसायला हवं होतं. नाही दिसलं. तेवढं माझं आहे, ते मी भोगीन.

आज संध्याकाळी तो आला. पडवीत शेंदरी, विझत चाललेला उजेड. आतल्या खोलीत भालचंद्राची बायको, रत्नप्रभा, बांगड्या नसलेले हात मांडीवर ठेवून बसलेली. गेले पंधरा दिवस ती माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. मी जयवंताला उंबऱ्यात अडवलं आणि आवाज न चढवता म्हटलं,

“गावाला मी काही सांगणार नाही. आत जा, तिच्यापुढे बस, आणि सांग की आईला वारा कळला असता, मी कळू दिला नाही. तुझ्याच तोंडाने सांग. सांगून होईपर्यंत मी ह्या दारात उभी आहे. त्यानंतर तू ह्या घरात कोण, ते ती ठरवेल. मी नाही.”