चाळीसचा फरक

सासऱ्यांचे हात थरथर कापायला लागल्यापासून मेणबत्त्यांच्या कारखान्याचं काय करायचं, यावर घरात बराच खल झाला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. नाटकवाल्यांना उद्या साठ मेणबत्त्या हव्या होत्या; त्या सूनबाईने एकटीने करायच्या. जमलं तर किल्ली तिची, नाहीतर कारखान्याला कुलूप. सूनबाईचा जीव त्या मेणाच्या वासात कधीच अडकला होता, त्यामुळे ती पदर खोचून उभी राहिली.

बाई दहा वर्षं औषधांच्या प्रयोगशाळेत राबलेली. दशांशानंतर दोन आकडे नसले, की तिथले साहेब कागद परत फेकायचे. सासऱ्यांची वही फॅरेनहाइटमध्ये, हिचा नवा तापमापक सेल्सिअसमध्ये. वहीत ओळी दोनच: ‘मेण १८०. मेण आणि साचा यांत फरक ४०.’ तिने दोन्हींतून बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं. मेण ८२.२२, फरक ४.४४. म्हणजे साचा ७७.७८! तापमापक बिचारा एकच दशांश दाखवायचा. तरी ही गरम पाण्यात साचे ठेवून चमच्या-चमच्याने थंड पाणी घालत बसली.

दुपार झाली तरी पहिल्या दहा मेणबत्त्या साच्यातून निघता निघेनात. ज्या निघाल्या, त्यांच्या पोटात बोटभर खड्डे. तिचा चेहरा रडवेला झाला.

“रडू नकोस, मेणात पाणी पडेल,” म्हणत सासरे आत आले. त्यांनी आपला जुना काचेचा तापमापक आधी मेणात, मग साच्याच्या पाण्यात बुडवला. “मेण एकशे ऐंशी. साचा एकशे सत्तरच्या जरा वर. अगं, पुरत्या एका रेघेचाही फरक नाही! मला चार रेघा लागतात.”

तिने कपाळावर हात मारला. “बाबा, बत्तीस मेणातूनही जातात आणि साच्यातूनही. फरकात ते उरतातच कुठे? आणि मी ते पुन्हा वजा केले! दशांशानंतरचं जपत बसले आणि आधीचंच घालवलं.” तिने घाईघाईने नवा आकडा काढला. “फरक बावीस पूर्णांक बावीस!”

“ते शेवटचे बावीस कुठून आले? माझ्या काचेवर दहा-दहाच्या रेघा. मी आपला नजरेने वाचायचो.”

तिने तो आकडा खोडला. जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं, हे तर तिला प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

दहाही मेणबत्त्या परत पातेल्यात गेल्या. संध्याकाळपर्यंत साठच्या साठ टेबलावर ताठ उभ्या होत्या. तिने वहीत लिहिलं: ‘मेण साधारण ८० सेल्सिअस, साचा साधारण ६०.’

सासऱ्यांनी चष्मा चढवून दोनदा वाचलं. “हे ‘साधारण’ मीच लिहायला हवं होतं,” ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली. हात कापत होता, किल्ली खुळखुळत होती. तिने किल्लीसकट तो हात धरला.

“म्हातारपणाने कापतोय हं,” ते म्हणाले. “किल्ली देतोय म्हणून नाही.”