सात नंबरचा बिल्ला

आमच्या तळ्यावर येणारे लोक जाताना वहीत अभिप्राय लिहितात. पाणी स्वच्छ, वाटा छान, तंबूची जागा सपाट, आणि हमखास एक ओळ माझ्याबद्दल: खिडकीतल्या बाई जरा तापट आहेत. जरा म्हणतात हा त्यांचा चांगुलपणा. होड्यांच्या खिडकीत बसून मला बावीस वर्षं झाली. माणसं पाण्यावर सोडायची आणि संध्याकाळी ती सगळी परत आली की नाही ते बघायचं, हे माझं काम. ते गोड बोलून होत नाही.

पद्धत अगदी सोपी आहे. खिडकीशेजारी एक फळा, फळ्यावर तीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला होडीच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला. होडी नेताना बिल्ला काढून खिडकीतल्या डब्यात टाकायचा. परत आल्यावर ज्याने होडी आणली त्यानेच तो डब्यातून काढून खिळ्याला अडकवायचा. पाच वाजता डब्यात ज्याचा बिल्ला उरेल तो माणूस अजून पाण्यावर आहे असं समजायचं, आणि मग माझे धाकटे दीर मोटरबोट घेऊन शोधायला निघतात.

पण लोकांना अडकवायची आठवण राहील तर शपथ! होडी चढावर ओढून रॅकवर ठेवली, हात झटकले की निघाले चहा प्यायला. दोनदा असं झालं की भाऊजींनी अंधार पडेपर्यंत अख्खं तळं पालथं घातलं आणि ज्यांना शोधत होते ते लोक तंबूत पत्ते खेळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या वेळी भाऊजी चिंब भिजून आले आणि मला म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी आधी तंबूत डोकावत जा, मग मला पाठवा." चार लोक हसले. मला ते फार लागलं. तेव्हापासून मी एक केलं. रॅकवर होडी दिसली की त्या नंबरचा बिल्ला मीच अडकवून टाकायचे. लोकांच्या मागे ओरडत कोण फिरणार? होडी आली म्हणजे माणूस आलाच की.

घड्याळकाका आणि त्यांची बायको नऊ वर्षं आमच्याकडे यायचे. हंगामाच्या शेवटी, थंडी सुरू होताना, पाच दिवस. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून हे नाव. बिल्ला स्वतःच्या हाताने अडकवणारे जे मोजके लोक होते त्यांतले ते एक. अडकवून झाला की बोटाने सरळ करायचे. नवख्या लोकांना धक्क्यावर उभं राहून सांगायचे, "पलीकडे काही अडचण आली तर घाबरायचं नाही. किनाऱ्यावर बसून राहायचं. पाच वाजता बाई बिल्ले बघतात, बोट येतेच." मला आत ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

त्या वर्षी ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, गुडघा दुखत होता. त्या तंबूपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि काका दोन वाजता सात नंबरची होडी घेऊन एकटेच पलीकडे गेले. पलीकडे खडकाळ किनारा आहे. तिथे होडी लावून लोक कड्याकडची वाट अर्धा तास चढतात आणि वरून तळं बघून येतात. तीनच्या सुमारास वारा सुटला. काका वर असताना लाटांनी त्यांची होडी किनाऱ्यावरून सरकवून नेली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

चारच्या सुमारास कॉलेजातली चार मुलं वल्ही मारत परत येत होती. त्यांना मध्येच एक रिकामी होडी तरंगताना दिसली. आमच्या धक्क्यावरून सुटली असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ती दोरीने बांधून आणली, आतलं पाणी उपसलं, फडक्याने पुसली आणि रॅकवर तिच्या नंबरच्या जागी नीट ठेवली. मग हात धुवायला नळावर गेली. मी खिडकीतून पाहिलं, सात नंबर रॅकवर. डब्यातून बिल्ला काढला आणि अडकवला. वल्हं कुठे आहे, लाइफ जॅकेट कुठे आहे, हे बघितलं नाही. होडी पुसलेली होती, आणि होडी पुसून ठेवणारा माणूस घड्याळकाकाच, असंही मनात येऊन गेलं.

पाचला ताई लंगडत आल्या. "अहो बाई, हे आले का?"

मी फळ्याकडे मान केली. "केव्हाच आले. तो काय बिल्ला."

"तंबूकडे नाही आले."

"बसले असतील कुठेतरी पक्षी बघत. पुरुषांना घराची आठवण भुकेच्या वेळी होते."

त्या हसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. सव्वासहाला त्या परत आल्या, तेव्हा हसल्या नाहीत. मीच जरा चिडून म्हणाले, "ताई, होडी जाग्यावर, बिल्ला जाग्यावर. माणूस जमिनीवर आहे. जमिनीवर कोण बुडतं?"

हे वाक्य मी बोलले. ते मला पुसता येत नाही.

सात वाजायला आले आणि ती चार मुलं खिडकीशी आली. त्यांतली एक उंच मुलगी कौतुकाने म्हणाली, "काकू, ती सुटलेली होडी कुणाची होती हो? आम्ही आणून ठेवली."

मी धावत भाऊजींकडे गेले. भाऊजी दहा मिनिटांत पाण्यावर होते. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांना एका फांदीला अडकवलेलं केशरी जॅकेट दिसलं. लांबून दिसावं म्हणून काकांनी ते तिथे टांगलं होतं. काका मात्र नव्हते. कड्यावरून जाणाऱ्या एका जोडप्याने साडेपाचला त्यांना तिथेच दगडावर बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी हात हलवला, काकांनीही हलवला. त्या दोघांना वाटलं, आजोबा निवांत बसलेत.

म्हणजे नवख्यांना सांगायचे तसे ते स्वतः बसून राहिले होते. पाच वाजले, सहा वाजले. बोट आली नाही. मग ते तळ्याला वळसा घालणाऱ्या वाटेने चालत निघाले. अकरा किलोमीटर, मध्ये दलदल. सकाळी त्या वाटेवर चौथ्या किलोमीटरला ते सापडले, झाडाला टेकून बसलेले, कमरेपर्यंत ओले. डॉक्टर म्हणाले, थंडीने गेले.

चौकशीला एक साहेब आले. फळ्यासमोर आम्हा सगळ्यांना उभं करून त्यांनी विचारलं, "बिल्ला कुणी अडकवला?"

मी म्हणाले, "नियम असा आहे, जो होडी आणतो त्याने अडकवायचा."

साहेबांनी मुलांकडे पाहिलं. मुलं रात्रभर जागी होती, डोळे लाल. ती उंच मुलगी हळू आवाजात म्हणाली, "होडीचं पुढचं टोक मी धरलं होतं. मग मीच अडकवला असेन." साहेबांनी लिहून घेतलं.

मी खोटं बोलले नव्हते. मी नियम सांगितला होता. त्या एका क्षणात "नाही, मी" एवढे दोन शब्द पुरले असते, पण भाऊजी शेजारी उभे होते, ताई बाकावर बसल्या होत्या आणि मी फळ्याकडे बघत राहिले. बावीस वर्षं लोकांवर आवाज चढवला, आणि हवा होता तेव्हा आवाज निघाला नाही. नंतर रोज ठरवायचे, आज सांगू. खाई त्याला खवखवे, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं आहे! वर्षभर माझं मलाच खवखवत राहिलं. मात्र त्या दिवसापासून एकही बिल्ला मी माझ्या हाताने अडकवला नाही. लोकांना त्यात माझी शिस्त दिसली.

वर्षाने, त्याच दिवसांत, ताई आल्या. एकट्या. त्याच जागी तंबू लावायला भाऊजींनी मदत केली. दोन दिवस त्या पाण्याकडे बघत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी आल्या. मी त्यांना आत बोलावून स्टूल दिलं.

"एक काम होतं बाई तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "ती मुलगी आहे ना, उंच. तिने कॉलेज सोडलं. मला दर महिन्याला पत्र येतं. दर पत्रात तेच, मावशी, माझ्यामुळे झालं. मी लिहिते, बाळा, तू जाणूनबुजून केलं नाहीस. तिला ते पुरत नाही. ती म्हणते, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात म्हणून असं लिहिता."

मी खिडकीतून रॅककडे बघितलं.

"तुम्ही इथल्या जाणत्या. तुम्ही दोन ओळी लिहा तिला. की अशा चुका होतात, मुलं आहेत, माफ केलं. तुमचं ती ऐकेल."

त्यांनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. पेनाचं टोपणही काढून ठेवलं. मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, पहिला विचार हाच आला की लिहून टाकावं. मुलीला बरं वाटेल, ताईंना बरं वाटेल. मी तिला माफ करायचं! मला माझीच किळस आली.

"ताई," मी म्हणाले, "तिने नाही अडकवला. मी अडकवला."

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. भाऊजी भिजून आले तो दिवस, लोक हसले ते, रॅककडे बघून बिल्ला लावायची माझी सवय, पुसलेली होडी, नळावर हात धुणारी मुलं. साहेबांना मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबले नाही, कारण थांबले असते तर सारवासारव सुरू केली असती.

बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, तिचा खरखर आवाज येत होता.

"पाचला मी आले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"साडेपाचला ते दगडावर बसलेले होते."

"हो."

"सव्वासहाला मी परत आले होते."

"हो ताई."

त्यांनी हात उचलला. त्या मला मारतील असं वाटलं, आणि मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला. मग म्हणाल्या, "फोन लावा तिला. आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी नंबर सांगितला. मी फोनचा आवाज मोठा करून तो मध्ये ठेवला. मुलीने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर ती एकदम घाबरून म्हणाली, "काकू, पुन्हा काही झालं का?" मी म्हणाले, काही नाही, ऐक. आणि जे ताईंना सांगितलं तेच तिला सांगितलं. बोलताना मला वाटत होतं, ती रडेल, ओरडेल, वर्षभराचं माप माझ्या पदरात घालेल. मी तयार होते.

ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही किती चांगल्या आहात."

"अगं, चांगली कसली? मी अडकवला तो."

"मला आठवतंय ना पण. डब्यात अगदी तळाशी होता. बोटं घालून काढावा लागला. हाताला गार लागला होता."

"तू फळ्यापर्यंत आलीच नव्हतीस. तुम्ही चौघं नळावर होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"सातचा आकडा जरा खरवडलेला होता," ती म्हणाली. "मी रोज बघते तो. झोपताना पण."

सातचा आकडा खरवडलेला नव्हता. मी तेही सांगितलं.

"मावशी बसल्यात ना तिथे?" तिने विचारलं. "त्यांनीच सांगितलं असणार तुम्हाला, असं बोलायला. माझ्यासाठी खोटं बोलू नका काकू. प्लीज. मला आणखी वाईट वाटतं." आणि तिने फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा फोन बंद लागला.

माझा बांध तेव्हा फुटला. वर्षभर मला वाटत होतं, खरं माझ्या हातात आहे, धीर होईल तेव्हा देऊन टाकीन आणि मुलगी सुटेल. इतक्या दिवसांत तिने त्या जागी स्वतःचं खरं तयार केलं होतं, बोटांना गारवा लागण्यापर्यंत. माझ्या गप्प राहण्याने एक माणूस गेला नव्हता, तो आधीच गेला होता. माझ्या गप्प राहण्याने ही गेली होती.

ताईंनी मला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. मी डोळे पुसल्यावर त्या उठल्या.

"सकाळी सहाला बस आहे," त्या म्हणाल्या. "घर मला माहीत आहे तिचं. तुम्ही येताय."

"ताई, तुम्ही मला..."

"तुमचं माझं नंतर बघू. माझ्याकडून आज काही मागू नका." त्यांनी कोरा कागद घडी करून पिशवीत ठेवला. "आधी ती."

"आणि तिथे जाऊनही नाही पटलं तर?"

"तर पुन्हा सांगायचं. तिने स्वतःला रोज सांगितलंय, वर्षभर. तुम्ही काय एका फोनवर सुटणार होता?"

त्या काठी टेकत तंबूकडे गेल्या. धक्क्यावर भाऊजी दोर गुंडाळत होते. गेल्या वर्षी त्या रात्री ते पाच तास पाण्यावर हाका मारत फिरले होते, आणि त्यांनाही अजून काही माहीत नव्हतं. मी खिडकी लावली आणि त्यांच्याकडे निघाले.